बिनचूक आणि रास्त

कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. आरंभी अध्यक्षांचे आशादायी निवेदन असते, मग संचालकांचा वृत्तांत, मग आकड्यांची घनदाट पाने, आणि त्या पानांच्या शेजारी कुठे तरी हिशेबतपासनिसाचा दाखला. तो दाखला सहसा कोणी वाचत नाही. भागधारकाची नजर लाभांशाच्या आकड्यावर जाते आणि तेथेच विसावते. तरीही सगळ्या अहवालात जर कोणते वाक्य जपून, तोलून आणि पुढेमागे न्यायालयात उभे राहावे लागेल या भीतीने लिहिलेले असेल, तर ते याच दाखल्यात असते. त्यात तपासनीस आकडे बरोबर असल्याची ग्वाही देत नाही. आपल्या मते हे हिशेब कंपनीच्या स्थितीचे 'ट्रू अँड फेअर' दर्शन घडवतात, एवढेच तो म्हणतो. मराठीत सांगायचे तर खरे आणि रास्त दर्शन.

दोन विशेषणे कशासाठी? जे खरे आहे ते रास्त असणारच, मग दुसऱ्या शब्दाचे प्रयोजन काय? कायद्याची भाषा पाल्हाळाची असते हे मान्य केले तरी हा शब्द पाल्हाळापोटी आलेला नाही. त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बुडालेल्या पेढ्या आहेत, देशोधडीला लागलेली कुटुंबे आहेत आणि तुरुंगात गेलेला एक लॉर्डही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'फेअर' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी आहे, पण वेगळ्याच अर्थाने. शाळकरी मुलाच्या दप्तरात दोन वह्या असतात, एक रफ आणि एक फेअर. फेअर वही म्हणजे खाडाखोड नसलेली, समास सोडून सुवाच्य अक्षरात उतरवलेली. हिशेबाच्या संदर्भात हा अर्थ मनात धरला तर घात होतो. ज्या हिशेबांनी जगाला फसवले, ते बहुधा फार सुंदर अक्षरात लिहिलेले होते.

आपल्या भाषेत बॅलन्सशीटला ताळेबंद म्हणतात. हा शब्द कोणी साहेबी आमदानीत भाषांतर करून बनवलेला नाही. पेशवाईच्या दप्तरांत तो वार्षिक जमाखर्चाच्या गोषवाऱ्यासाठी येतो. ताळा म्हणजे पडताळा. बेरजेचा ताळा पाहणे, जमेशी खर्च जुळवणे, कीर्दीतली रक्कम खतावणीत उतरली की नाही हे तपासणे, ही ताळ्याची कामे. महालोमहालचे हिशेब पुण्यास हुजूर दप्तरात येत आणि तेथे फडणिसाच्या हाताखालचे कारकून ते तपासून पाहत. ही तपासणी कडक होती. परंतु तिची एक मर्यादा होती, आणि ती एका परक्या माणसाने नेमकी टिपून ठेवली आहे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल १८१९ साली लिहिला, त्यात 'दरबारखर्च' अथवा 'अंतस्थ' या नावाच्या एका बाबीचे वर्णन आहे. मामलेदार रयतेकडून ठरलेल्या साऱ्यापेक्षा जास्त वसूल करी आणि त्यातला काही भाग दरबारातील मंत्र्यांना व हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप देई. होता होता ही लाच रूढ होऊन बसली. मग ती हिशेबात रीतसर लिहिली जाऊ लागली, आणि इतर खर्चांप्रमाणे तिचीही तपासणी होऊन ती मंजूर होऊ लागली! पण लाच उघड झाली म्हणून लाचेची गरज संपली नाही. त्यामुळे तिच्यासाठी आणखी एक गुप्त वसुली सुरू झाली. आणि असल्या नाजूक व्यवहारात तपासणारेही फार खोल जात नसल्यामुळे मामलेदार त्या निमित्ताने स्वतःसाठीच अधिक गोळा करी.

या हिशेबाचा ताळा जमत असेल. बेरजेत चूक नसेल. दरबारखर्चाची रक्कमसुद्धा खरोखरच दिलेली असेल. तरीही तो हिशेब ज्या रयतेच्या घामावर उभा होता, तिच्या बाबतीत रास्त होता असे कोण म्हणेल? बिनचूकपणा आणि रास्तपणा यांच्यातले अंतर येथे स्पष्ट दिसते. हे अंतर कायद्याच्या भाषेत उतरण्यास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली, आणि ते घडले इंग्लंडात.

इंग्लंडात १८४४ साली जॉइंट स्टॉक कंपन्यांचा कायदा झाला. कंपनीचे मालक अनेक आणि कारभार पाहणारे थोडे, अशी ही नवी व्यवस्था होती. कारभाऱ्यांनी मालकांना हिशेब दाखवलाच पाहिजे, हे उघड होते. त्या कायद्याने 'पूर्ण आणि रास्त' ताळेबंद मागितला होता. म्हणजे रास्त हा शब्द मुळातच होता. परंतु १८५६ साली मुक्त व्यापाराच्या भरात ही सक्ती उठली. मालक आणि कारभारी यांनी आपसांत काय ठरवायचे ते ठरवावे, सरकारने मध्ये पडू नये, असा तो विचार होता.

आपसांत ठरवण्याचे फळ काय असते, ते मुंबईने लौकरच पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून कंपन्यांचे पेव फुटले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ साली युद्ध संपले, आणि त्या वर्षीच्या १ जुलैला वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा फेडायला कोणाकडे काही नव्हते. सरकारचाच भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे त्या पडझडीत खचली. १८६८ साली तिचे दिवाळे वाजले आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला.

दहा वर्षांनी खुद्द ब्रिटनची पाळी आली. २ ऑक्टोबर १८७८ रोजी सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दारे लावली. थोड्याच महिन्यांपूर्वी तिने शेकडा बारा लाभांश जाहीर केला होता. तपासणीत निघाले ते असे, की दहा लाख पौंड भांडवलाच्या या बँकेत साठ लाखांहून अधिक पौंडांचा खड्डा होता. मोजक्या चार पेढ्यांना अफाट कर्जे दिली होती, ती बुडाली होती, आणि ताळेबंदात मात्र ती चांगली म्हणून वर्षानुवर्षे मिरवत होती. या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. म्हणून शंभर पौंडांचा भाग असणाऱ्याकडे आधी पाचशे आणि नंतर आणखी सव्वादोन हजार पौंड मागण्यात आले. अठराशेंवर भागधारक होते. त्यांतील अडीचशेच्या आसपासच सावरून उभे राहिले. अनाथ मुलांच्या वतीने विश्वस्त म्हणून ज्यांनी भाग आपल्या नावावर ठेवले होते, त्यांनाही न्यायालयाने व्यक्तिशः जबाबदार धरले. परोपकारापायी माणसे भिकेला लागली. १८७९ च्या आरंभी संचालकांना आणि मॅनेजरला शिक्षा झाल्या. दोघांना अठरा महिने, इतरांना आठ.

त्याच वर्षी कायदा बदलला. मर्यादित जबाबदारीने नोंदणी होणाऱ्या बँकांचे हिशेब तपासणे सक्तीचे झाले आणि तपासनिसाच्या दाखल्यात नवे शब्द आले: ताळेबंदाने कंपनीच्या स्थितीचे 'ट्रू अँड करेक्ट', म्हणजे खरे आणि बिनचूक दर्शन घडवले पाहिजे. १९०० च्या कायद्याने ही तपासणी सर्वच कंपन्यांना लागू झाली. आपल्याकडे १९१३ च्या इंडियन कंपनीज ॲक्टाने हेच शब्द उचलले. मुंबईतील किंवा कलकत्त्यातील गिरणीचा तपासनीस पुढे त्रेचाळीस वर्षे 'खरे आणि बिनचूक' याच शब्दांखाली सही करीत होता.

बिनचूक हा शब्द ऐकायला भक्कम वाटतो. पण कशाशी ताडून बिनचूक? व्यवहारात त्याचा अर्थ झाला, वह्यांशी ताडून. वहीत आहे ते ताळेबंदात आहे ना, मग झाले. तपासनिसाने किती खोल जावे हा प्रश्न १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात आला. मॅनेजरने गिरणीतील शिल्लक मालाची किंमत वर्षानुवर्षे फुगवून सांगितली होती आणि तपासनिसांनी त्याच्या दाखल्यावर विसंबून सह्या केल्या होत्या. न्यायमूर्ती लोप्स यांनी तेव्हा जो दृष्टान्त दिला तो अमर झाला: हिशेबतपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशयाचे कारण नसेल तर कंपनीच्या विश्वासू माणसांवर त्याने विश्वास ठेवावा. तपासनीस सुटले.

परंतु बिनचूक या शब्दाची खरी परीक्षा व्हायची होती. ती १९३१ च्या जुलैत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात झाली.

रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनी १८३९ च्या सनदेने स्थापन झालेली. टपाल घेऊन जाणारी तिची जहाजे म्हणजे साम्राज्याची शान. १९०३ पासून ओवेन फिलिप्स हा तिचा अध्यक्ष होता. तो पुढे लॉर्ड किल्सँट झाला. उंचापुरा, रुबाबदार, जहाजांमागून जहाजकंपन्या विकत घेणारा हा माणूस. १९२७ साली त्याने व्हाइट स्टार लाइनही घेतली. पहिल्या महायुद्धात जहाजवाल्यांना अमाप फायदा झाला होता. त्या फायद्यावर सरकारने जादा नफ्याचा कर बसवला, आणि तो भरण्यासाठी कंपनीने मोठ्या रकमा बाजूला काढून ठेवल्या. प्रत्यक्षात कर कमी बसला. उरलेल्या रकमा कंपनीच्या पोटात, भागधारकांच्या नजरेआड, शिल्लक राहिल्या. अशा गंगाजळीला गुप्त राखीव निधी म्हणत, आणि गंमत अशी की त्या काळी तो दोष नव्हे तर गुण मानला जाई. चांगल्या दिवसांत थोडे लपवावे, वाईट दिवसांत ते काढावे, लाभांश एकसारखा द्यावा, भागधारकाला उगाच घाबरवू नये. आपल्याकडची शहाणी गृहिणी डाळीच्या डब्यात नोटा ठेवते, तसाच हा प्रकार वाटतो.

१९२१ पासून वाईट दिवस आले. धंद्यात तोटा होऊ लागला. कंपनीने डब्यातल्या नोटा काढायला सुरुवात केली. १९२६ च्या हिशेबात सुमारे चार लाख एकोणचाळीस हजार पौंडांची शिल्लक दाखवली होती. वस्तुतः त्या वर्षी धंद्यात तोटा होता. युद्धकाळातील करनिधीतून लाखो पौंड आणून तो भरून काढला होता. हिशेबात त्याचा उल्लेख होता का? होता. एका लांबलचक ओळीत, इतर बाबींच्या मधोमध, 'करविषयक राखीव निधीचे समायोजन' अशा अर्थाचे तीनचार शब्द घातलेले होते. तपासनीस हॅरल्ड मोरलँड यांनी ते आग्रहाने घालायला लावले होते. जाणकाराने ओळखावे, बाकीच्यांनी पुढे जावे.

आणि १९२८ साली कंपनीने वीस लाख पौंडांचे डिबेंचर विक्रीस काढले. त्याच्या माहितीपत्रकात सांगितले होते, की गेल्या दहा वर्षांची सरासरी पाहता कंपनीची शिल्लक दर वर्षी पाच लाख पौंडांहून अधिक आहे. १९११ ते १९२७ या काळात दिलेल्या लाभांशांचे कोष्टकही दिले होते. सरासरी खरी होती. कोष्टकही खरे होते. फक्त हे सांगितले नव्हते की सरासरी वर नेणारी वर्षे आरंभीची होती, आणि १९२१ पासून पुढे लाभांश चालू कमाईतून नव्हे तर जुन्या ठेवणीतून दिला जात होता.

१९३० पर्यंत ठेवण संपली. सरकारी चौकशी झाली आणि किल्सँट व मोरलँड यांच्यावर खोटे हिशेब प्रसिद्ध केल्याचा खटला भरण्यात आला. ॲटर्नी जनरल सर विल्यम जोविट सरकारतर्फे, सर जॉन सायमन किल्सँटतर्फे, सर पॅट्रिक हेस्टिंग्ज मोरलँडतर्फे; आसनावर न्यायमूर्ती राइट. हिशेबतज्ज्ञांचे अध्वर्यू लॉर्ड प्लेंडर साक्षीला आले आणि त्यांनी सांगितले, की गुप्त निधी ठेवण्याची व वापरण्याची पद्धत मोठमोठ्या कंपन्यांत सर्रास चालते. ज्युरींनी काय करावे? त्या वेळच्या कायद्यात नफातोटा पत्रकाने काय दाखवावे याचा नियम नव्हता आणि तपासनिसाने त्यावर मत देण्याचे बंधनही नव्हते. आकडे वह्यांशी जुळत होते. वार्षिक हिशेबांच्या आरोपातून दोघेही निर्दोष सुटले. माहितीपत्रकाच्या आरोपावर मात्र किल्सँट दोषी ठरला. बारा महिन्यांची शिक्षा झाली, अपील फेटाळले गेले, आणि अडुसष्ट वर्षांचा हा लॉर्ड वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात गेला. अपिलाच्या निर्णयातले तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे: प्रत्येक विधान सुटेसुटे खरे असले, तरी जे वगळले त्यामुळे संपूर्ण दस्तऐवज खोटा ठरू शकतो.

कादंबरी लिहिणाऱ्याला हे नवे नाही. खऱ्या तपशिलांची मांडणी करून वाचकाला हवा तो समज करून देणे, हीच तर आमची विद्या. पण कादंबरीच्या मुखपृष्ठावरच ती कादंबरी असल्याचे छापलेले असते. वाचकाने आपल्या म्हातारपणाची पुंजी तिच्यावर लावलेली नसते. किल्सँटच्या माहितीपत्रकावर लोकांनी ती लावली होती.

या खटल्याने इंग्लंडातील हिशेबव्यवसायाची झोप उडाली. बिनचूक या शब्दाच्या आडोशाला सगळे सुखाने बसता येते, हे दिसून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, न्यायमूर्ती कोहेन यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४५ साली आला आणि १९४७ च्या कायद्याने 'करेक्ट' हा शब्द जाऊन त्या जागी 'फेअर' आला. केवळ शब्दच बदलला असे नव्हे. नफातोटा पत्रकात काय असावे हे ठरले, तपासनिसाला त्यावरही मत देणे भाग पडले, आणि राखीव निधीतून काढघाल केली तर ती उघड दाखवण्याचे बंधन आले. डाळीच्या डब्याचे झाकण निघाले.

स्वतंत्र भारतात १९४९ साली चार्टर्ड अकौंटंट्सची संस्था स्थापन झाली. सी. एच. भाभा यांच्या समितीने कंपनी कायद्याचा विचार करून १९५२ साली अहवाल दिला, आणि १ एप्रिल १९५६ पासून अमलात आलेल्या कायद्याने आपल्याकडेही 'खरे आणि रास्त' हे शब्द आणले. २०१३ च्या कंपनी कायद्यातही ते कायम आहेत.

आता रास्त म्हणजे काय? नवल असे, की हा शब्द ना इंग्लंडच्या कायद्याने व्याख्येत बांधला, ना आपल्या. आणि ते योग्यच झाले. हिशेबातील पुष्कळ आकडे मुळी मोजता येत नाहीत. ते ठरवावे लागतात. यंत्र किती वर्षे चालेल? उधारीतली किती वसूल होईल? गुदामातल्या मालाला उद्या काय भाव येईल? दोन प्रामाणिक माणसे या प्रश्नांची दोन उत्तरे देतील आणि दोन्ही रास्त असू शकतील. म्हणूनच इंग्रजी कायदा ठरलेले एकमेव दर्शन मागत नाही. 'असे एक' दर्शन मागतो. मराठीत ते उपपद नसल्याने हा बारकावा भाषांतरात निसटतो, पण सारे मर्म त्यात आहे. बिनचूक उत्तर एकच असते. रास्त उत्तरे एकाहून अधिक असू शकतात, आणि त्यांतले कोणते निवडले व का निवडले हे सांगण्याची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते. १९८३ साली लेनर्ड हॉफमन आणि मेरी आर्डन या इंग्रज कायदेपंडितांनी मत दिले, की रास्त कशाला म्हणावे हे अखेर न्यायालय ठरवील, पण ठरवताना त्या काळच्या व्यवसायाची रीत पाहील. शब्द तोच राहील आणि त्याचा आशय काळाबरोबर बदलत जाईल. म्हणजे गुप्त निधी काल शहाणपणाचा होता आणि आज लबाडीचा आहे, यात विसंगती काही नाही. समाजाची अपेक्षा वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, व्याख्या नसलेला शब्द चोराला पळवाट देतो. हा आक्षेप पोकळ नाही. पण किल्सँटचा अनुभव उलटे सांगतो. नियम जितके काटेकोर, तितकी नियमांच्या फटीतून निसटण्याची सोय अधिक. रास्त हा शब्द त्या फटींवर घातलेले पांघरूण आहे. सगळे नियम पाळूनही वाचणाऱ्याची दिशाभूल होत असेल, तर तो शब्द तपासनिसाचा हात धरतो.

धरतो, पण हात धरून घेण्याची इच्छा असेल तर. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालकांना पत्र लिहून कळवले, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँकेतील शिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. एका तिमाहीचा ६१ कोटींचा नफा ६४९ कोटी म्हणून दाखवला होता. पहिली तफावत लहान होती, ती वाढत गेली आणि वाघावर बसलेल्या माणसासारखी उतरण्याची सोय राहिली नाही, अशी त्यांची कैफियत होती. येथे रास्त-अरास्ताचा नाजूक प्रश्नच नव्हता. खरे या पहिल्याच विशेषणाचा मुडदा पडला होता. आणि त्या हिशेबांखालीही 'खरे आणि रास्त' हे शब्द वर्षानुवर्षे सहीसकट उमटत आले होते. कंपनीचे नाव सत्यम असावे, हा दैवाचा विनोद. त्यानंतर २०१३ चा कायदा कडक झाला, तपासनीस ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती मोठ्या कंपन्यांवर आली, आणि २०१८ साली तपासनिसांवर देखरेख करणारे राष्ट्रीय प्राधिकरणही आले. राखणदारावर राखणदार बसला.

ग्लासगोच्या विश्वस्तापासून हैदराबादच्या भागधारकापर्यंत या कहाणीतले बळी एकाच जातीचे आहेत. ते दूर राहणारे, वही न पाहिलेले, दुसऱ्याच्या शब्दावर पैसा सोपवणारे लोक आहेत. आज तर ज्याने आयुष्यात एकही भाग विकत घेतला नाही, त्याच्याही भविष्यनिर्वाह निधीतला काही पैसा बाजारात जातो. गिरणीतल्या कामगाराला किंवा खेड्यातल्या मास्तराला ताळेबंद वाचता येत नाही, येण्याची अपेक्षाही नाही. त्याच्या वतीने वाचण्यासाठी एका माणसाला नेमले आहे आणि त्याच्याकडून एक शब्द घेतला आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण वही मांडतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, पहिल्या पानावर 'श्री' लिहितो. त्या पूजेत धनाची याचना आहेच; पण वहीचीच पूजा का, तिजोरीचीच का नव्हे, याचा विचार केला तर त्या आचारातला शहाणपणा दिसतो. तिजोरीत पैसा असतो. वहीत तो कोणाचा आणि कसा आला हे असते. ताळा जमला म्हणजे कारकुनाचे काम संपते. जो ही वही कधीच उघडणार नाही, त्याला यातून खरी गोष्ट कळेल का, हे विचारायचे काम तेव्हा कुठे सुरू होते; आणि ज्याने खाली सही करायची, त्याला ते टाळता येत नाही.